हिवरखेडची सोयरीक आणि टांगेवाल्याचे बक्षीस

जुने शहर, अकोला
दि. ११ एप्रिल १९६१

तीर्थरूप मोतीराममामांच्या चरणी (चरणी वगैरे लिहायचे नाही असे तुम्हीच छप्पन साली सगळ्या भाच्यांना बजावले होते, तेव्हा ते खोडले असे समजावे) मोतीराममामांना आणि भागीरथामामीला देवमनचा मनापासून जयभीम.

मी इकडे खुशाल आहे. तुमची कंबर कशी आहे? गोऱ्ह्याने मारलेला गुडघा बसला का? मामीने पाठवलेली त्रिफळ्याची पुडी आणि काजळाची डबी मिळाली. तुमचे पत्रही मिळाले. हिवरखेडच्या जानरावांनी सोयरिकीच्या मध्यस्थाकरवी मुलाच्या मामाला म्हणून निरोप धाडला की, ‘पोरगा शिकलेला आहे, सरकारी नोकर आहे, पण त्याले पाह्यता येत नाही.’ त्यावरून तुम्ही समजलात की माझी नजर गेली. सात वर्षे तुमच्या घरी राहून शिकलो आणि दिव्याच्या उजेडात वाचून डोळे घालवले ते तुम्हाला कळलेही नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मामा, माझे डोळे शाबूत आहेत. ऑफिसच्या खिडकीतून मला मोर्णा नदीच्या पलीकडच्या काठावरची म्हैस दिसते, आणि ती कोणाची आहे तेही सांगता येते. जानराव म्हणाले ते वेगळ्या अर्थाने. तो अर्थ सांगायचा तर सिनेमाबद्दल लिहावे लागेल. सिनेमा पाहणारा माणूस कामातून गेला, हे तुमचे मत मला ठाऊक आहे. तरी एवढे पत्र पुरते ऐकून घ्यावे ही विनंती.

आमच्या ऑफिसात गोपाळकृष्णराव म्हणून हेडक्लार्क आहेत. मनुष्य सज्जन, घरात देवधर्म कडक, पण सिनेमाचा विषय निघाला की सोवळे-ओवळे विसरतात आणि माझ्या डब्यातला ठेचा पोळीला लावून खातात. मुंबईत दर साली सिनेमात उत्तम काम करणाऱ्यांना बक्षिसे देतात. ती कोणाला मिळणार हे आम्ही दोघे महिना-दीड महिना आधी चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करतो आणि पाकिटे फायलींच्या कपाटात ठेवतो. गोपाळकृष्णराव लागोपाठ दोन वर्षे बरोबर निघाले. त्यांची एक रीत आहे. ते खिशातले घड्याळ घेऊन सिनेमाला बसतात आणि हीरोला मरायला किती वेळ लागतो ते मोजतात. ज्याला जास्त वेळ लागला त्याला बक्षीस. औंदा एक सिनेमा आला होता (नाव लिहीत नाही, लिहिले तर मामी अमरावतीला जाऊन पाहून येईल). त्यात हीरोला क्षय होतो आणि तो एकवीस मिनिटे खोकून मरतो. आमच्या इथे त्याला खोकल्याचा सिनेमाच म्हणत. तो लागला तेव्हा निम्मे अकोला खोकत होते, न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक खोकले तर न्हावी वस्तरा बाजूला घेऊन दाद देई. मी तो चार वेळा पाहिला आणि चारही वेळा रडलो. औंदा पहिल्यांदाच माझ्या आणि गोपाळकृष्णरावांच्या चिठ्ठीवर एकच नाव होते.

आता हिवरखेडचे. तुम्हाला हरभऱ्याच्या सोंगणीमुळे येता आले नाही, म्हणून सोबत कोणीतरी वडीलधारे असावे या विचाराने मी गोपाळकृष्णरावांना नेले. (त्यांनी जानरावांकडे पोहे खाल्ले, आणि दोनदा मागून खाल्ले. हे त्यांच्या घरी सांगायचे नाही असे आमचे ठरले आहे. तुम्ही अकोल्याला आलात तर बोलू नका.) घर नीटनेटके, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि भगवान बुद्धांचा फोटो. जानराव उंच, बोलायला कमी. मुलगी शकुन पाणी घेऊन आली. ती इथे अकोल्यातच नर्सिंग शिकते. तिला मी नाव विचारले, तिने सांगितले. तिने मला विचारले, ‘तुमाले नोकरीशिवाय काय आवडते?’ इथवर सगळे ठीक होते. मी खरे तर वाचन म्हणायला हवे होते. पण गोपाळकृष्णरावांनी मधेच सांगून टाकले की देवमनसारखा सिनेमाचा जाणकार जिल्ह्यात नाही आणि यंदाचे बक्षीस कोणाला हे त्याने महिनाभर आधी लिहून ठेवले आहे.

जानराव म्हणाले, ‘मीबी पाह्यला तो खोकल्याचा. पोरीले भेटाले आलो होतो तवा. त्यात एकच माणूस काम करून राहिला होता. टांगेवाला.’

मामा, मला टांगेवाला आठवेना. गोपाळकृष्णरावांनाही आठवेना. मग शकुननेच सांगितले की हीरोला दवाखान्यात नेतो आणि तो मेल्यावर त्याच्या बायकोला घरी आणून सोडतो, तो. त्याला सबंध सिनेमात एक शब्द बोलायला नाही. गोपाळकृष्णराव मोठ्याने हसले. ते पाहून मलाही जोर चढला. बघायला आलेल्या मुलाने नम्र असावे हे मी विसरलो आणि म्हणालो की बोलायलाच नाही तर काम कसले? असली माणसे म्हणजे घराचे खांब. खांब लागतो, हे मान्य. पण खांबाला कोणी बक्षीस देत नाही.

जानराव उठून आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू आणून माझ्यासमोर ठेवली. उलगडून पाहिले तर एक चप्पल. बाईमाणसाची, जुनी, अंगठा तुटलेली. मला वाटले आता ती पाठीत बसते. पण ते शांतपणे म्हणाले, ‘मी बारा वर्सं बाबासाहेबांच्या जलशात होतो. गाणारे गात, भाषण करणारे भाषण करत. माझं काम विहिरीवरच्या रखवालदाराचं. काठी घेऊन उभं राहाचं, आपल्या लोकायले पाणी भरू द्याचं नाही. बोलाचं काहीच नाही. तेल्हाऱ्याले एका म्हातारीनं ही फेकून मारली मले. हे माझं बक्षीस.’ मग चप्पल परत गुंडाळली आणि विचारले, ‘गाडी किती वाजता आहे तुमची?’

गाडी अडीच तासांनी होती. ते अडीच तास आम्ही फाट्यावरच्या बाभळीखाली काढले. गोपाळकृष्णराव म्हणाले, मनुष्य विक्षिप्त दिसतो. माझे लक्ष त्यांच्याकडे नव्हते, कारण उठताना शकुन दारात उभी होती आणि तिने माझ्याकडे रागाने पाहिले असते तरी चालले असते. तिला वाईट वाटलेले दिसत होते.

त्यानंतर कामात लक्ष लागेना. पाणीपट्टीची फाईल मी दोनदा शेतसाऱ्याच्या कपाटात ठेवली. अखेर ठरवले की तो टांगेवाला एकदा पाहायचाच. सिनेमा तोवर अकोल्याहून उठून अमरावतीला गेला होता. तेव्हा मी एका रविवारी अमरावतीला आलो. (आपल्या वलगावच्या इतक्या जवळ येऊन घरी आलो नाही, हे आता कबूल करतो. आलो असतो तर तुम्ही ‘कुठे निघालास?’ असे विचारले असते, आणि मला तुमच्याशी खोटे बोलता येत नाही, म्हणून लांबूनच गेलो.) चार वेळा पाहिलेला सिनेमा मी पाचव्यांदा पाहिला, पण या वेळी हीरोकडे अजिबात बघायचे नाही असे ठरवून. ते फार अवघड जाते. हीरो मधोमध असतो. शेजारचा माणूस मला म्हणाला, ‘भाऊ, मान काहून वाकडी करून राहिले?’

मग तो प्रसंग आला. बायको घरात जाते आणि दार लागते. टांगेवाला भाडे मागत नाही, निघतही नाही. मागच्या बाकावर आजारी माणूस बसत असे, ती जागा तो बाहीने पुसायला लागतो. धूळ असते म्हणून सवयीने पुसतो. पुसता पुसता त्याचा हात थांबतो, आणि तो हात तसाच तिथे ठेवून उभा राहतो. बस. एवढेच. चारही वेळा त्या क्षणी मी रुमाल शोधत होतो. मामा, या वेळी मला रडू आले नाही. सिनेमा सुटल्यावर त्या नटाचे नाव काय म्हणून थेटरातल्या मशीनवाल्याला विचारायला गेलो. तो भला माणूस, त्याने दुसऱ्या खेळाच्या सुरुवातीला मला उभे करून नावे वाचू दिली. हीरो, हिरॉईन, गाणारे, नाचणारे, कपडे शिवणारा, घोडा ज्याच्या मालकीचा तो, सगळ्यांची नावे होती. टांगेवाला ‘और अन्य’ यांमध्ये होता.

ऑफिसात येऊन मी कपाटातले माझे पाकीट फोडले आणि चिठ्ठीवरचे नाव खोडून ‘टांगेवाला’ असे लिहिले. गोपाळकृष्णरावांनी हरकत घेतली की नियमात बसत नाही, आणि नाव माहीत नसलेल्या माणसाला बक्षीस द्यायचे तर ते पाठवायचे कुठे? त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. ठेचाही खाल्ला नाही. पुढे महिनाअखेर मुंबईचा निकाल आला. बक्षीस कोणाला? खोकलेल्याला नाही, टांगेवाल्याला तर नाहीच. मिळाले ते भलत्याच एका सिनेमातल्या हीरोला, जो सिनेमा अकोल्याला अजून आलेलाच नाही. दिवाळीपर्यंत येईल म्हणतात. गोपाळकृष्णरावांनी नागपूरच्या मेव्हण्याला पत्र टाकून विचारले, तो किती मिनिटे मरतो? मेव्हण्याने कळवले की तो मरतच नाही, शेवटी त्याचे लग्न होते. हेडक्लार्क त्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी गेले.

मी मात्र परवाच्या रविवारी एकटाच हिवरखेडला गेलो. अकोटमार्गे, भर उन्हात. जानराव ओसरीत बसून दोर वळत होते. मी म्हणालो, ‘तुमचं बरोबर होतं. मी पुन्हा जाऊन पाहिला. तो बाक पुसतो ते मला आधी दिसलं नव्हतं.’ ते दोर वळतच राहिले. मान वर न करता म्हणाले, ‘हात थांबते ते दिसलं का?’ मी म्हणालो, दिसलं. मग त्यांनी माठाकडे बोट केले. ‘तहानले असान. घ्या पाणी.’

मी उठलो. तेवढ्यात जानरावही उठले आणि माठाशेजारी जाऊन उभे राहिले. काही केले नाही. काठी नव्हती, डोळे वटारले नाहीत. नुसते खांदे थोडे ढिले सोडले आणि माझ्याकडे न पाहता माझ्या मागे कुठेतरी पाहिले, जसा मी तिथे नाहीच. मामा, मी मॅट्रिक पास, सरकारी नोकर, छाती पुढे काढून चालणारा मनुष्य. पण माठाच्या झाकणीपर्यंत गेलेला माझा हात मी मागे घेतला. का घेतला ते सांगता येत नाही. लहानपणी आईबरोबर घागर घेऊन ताटकळायचो ते सगळे एकदम आठवले. घसा कोरडा पडला होता आणि मी तिथेच उभा होतो.

मग जानरावांचे खांदे पुन्हा सरळ झाले. ते हसले आणि स्वतःच्या हाताने लोटा भरून माझ्या हातात दिला. आतून शकुनचा आवाज आला, ‘बाबा, पावण्याले काहून छळून राहिले?’ जानराव म्हणाले, ‘छळून नाही राहिलो. शिकवून राहिलो.’ मी तीन लोटे पाणी प्यायलो. माझ्याजवळ चप्पल होती, पण ती काढून फेकायचे सुचलेच नाही. फेकली असती तर त्यांना आणखी एक बक्षीस मिळाले असते, असे गाडीत बसल्यावर मनात आले.

तर माझ्या दृष्टीची हकिकत ही अशी आहे. काजळ मी घालणार नाही, पण त्रिफळा घेतो, पोटाला बरा असतो. मामीने स्वतःच्या तब्येतीला जपावे. धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
देवमन

ता. क. – मुख्य गोष्ट लिहायची राहिली. निघताना जानराव सोयरिकीचे काही बोलले नाहीत, पण शकुन फाट्यापर्यंत सांगायला आली की, ‘बाबा नाही म्हणत नाहीत. आणि मीबी नाही म्हणत नाही. तुमी मोठ्या माणसाले घेऊन या, पण ते घड्याळवाले नको.’ तेव्हा येत्या रविवारी तुम्हीच चलावे. गहू दोन दिवस थांबेल.

ता. क. दुसरा – जानरावांनी माझे आजोळ विचारले. मी वलगावच्या मोतीरामचा भाचा म्हटल्यावर त्यांच्या हातातला दोर खाली पडला. म्हणाले, ‘तो मोतीराम? दंडारीच्या खेळात राणीच्या मांगं वारा घालाले विंझणा घेऊन दासी व्हाचा तो?’ तुम्ही वीस वर्षांचे असताना त्यांनी तुमचे काम अचलपूरच्या जत्रेत पाहिले आहे. म्हणतात, राणी मरे तेव्हा सगळे लोक राणीले पाहत, मी त्या दासीले पाहो, दासी इतकी गोड लाजे की तीन दिवस मले झोप नाही आली, आणि कोणी तिचं नावबी नाही घेतलं. मुलगी देण्याआधी त्यांना त्या दासीला एकदा डोळे भरून पाहायचे आहे. लुगडे नेसायची गरज नाही असे मी सांगितले आहे, तरी विंझणा असला तर आणावा.

ता. क. तिसरा – हे दासीचे मामीला कळू नये असे तुम्हाला वाटणार, म्हणून शेवटचे पान मी वेगळे लिहिले होते, की तुम्ही ते काढून घ्यावे. पण तुमचा चष्मा फुटल्यापासून तुमची पत्रे मोठ्याने वाचून कोण दाखवते, हे आता पाकीट चिकटवायला घेतल्यावर लक्षात आले. मामी, जयभीम. मामांना रागावू नको, रविवारी तूही ये.