चिंधी बांधलेला कोपरा

माय, तुझं पालकाचं बी उगवत नाही. आज तेरावा दिवस. नांदेडच्या ह्या भाड्याच्या घराला परस नाही, म्हणून गॅलरीत रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या ठेवल्यात, बुडाला भोकं पाडून. माती अर्धापूरची आहे, लॅबमध्ये माझ्यासोबत काम करणाऱ्या बाईंच्या केळीच्या रानातली. काळी, भुसभुशीत, तुला हातात घ्यावीशी वाटली असती अशी. त्यात चाळलेलं शेणखत मिसळलं. सकाळी कामाला जाण्याआधी बघते, दुपारी जेवायला येते तेव्हा बघते, संध्याकाळी चपला काढायच्या आधी बघते. काल मला राहवलं नाही, बोटाने माती उकरून एक बी वर काढलं. तू असतीस तर हातावर फटका दिला असतास. बी टाकलं तसंच होतं, फक्त फुगलेलं; नखाने दाबलं तर आतून पाणचट पीठ निघालं. मेलेलं बी कुणी परत पुरतं का? मी पुरलं. वरून माती सारखी केली आणि पाणी शिंपडलं.

हे बी माझ्या हाती कसं लागलं ते सांगते. धाकट्याने गावाकडचं तुझं स्वयंपाकघर पाडायला काढलंय, तिथे आता स्लॅब पडणार. दिवाळीनंतर त्याचा फोन आला, "आक्का, मायचा एक पत्र्याचा डबा सापडलाय वरच्या फळीवर. चिंध्याच हायत आत. टाकून देऊ का?" मी इतक्या जोरात नको म्हणाले की तो घाबरलाच. डबा जळकोटहून एसटीने आला. आत तुझ्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या होत्या आणि सगळ्यांत खाली एक गाठोडी, चांगली दोन गाठींची. सोडली तर राख. राखेत बी. मी ते ताटात ओतलं आणि मोजलं, कारण मोजणं हा माझा धंदाच आहे, लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजण्यात माझी वीस वर्षं गेली. त्रेसष्ट दाणे निघाले. तुला जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणजे हे त्याच्याही आदल्या सालचं. बियाण्याच्या दुकानात विचारलं तर तो पोरगेला दुकानदार म्हणाला, "ताई, पालकाचं बी चार-पाच साल टिकतं, लई झालं. दहा सालचं काय उगवून राहिलंय? नवं पाकीट न्या की." त्याचं काही चुकलं नव्हतं. तरी मला त्याचा इतका राग आला की मी पाकीट न घेताच पायऱ्या उतरले.

तुझं सगळं मला आठवतं, आणि आठवतं म्हणूनच जीव जातो. न्हाणीचं पाणी जिथे वाहत जायचं तिथे तुझे दोन वाफे. दिवाळी झाली की तू गाठोडी काढायचीस. ते खडबडीत बी दोन्ही तळव्यांत घेऊन चोळायचीस, एका बोंडातले जोड दाणे सुटे व्हावेत म्हणून, मग ओल्या फडक्यात एक रात्र बांधून ठेवायचीस. सकाळी बोटाने रेघ ओढायची, एका पेरापेक्षा खोल नाही, बी टाकायचं, वरून चाळलेलं खत, आणि त्यावर काडाचं पांघरूण. पाणी तांब्याने ओतलेलं तुला चालायचं नाही, हाताने शिंपडायचं. "वतलं की बी वाहून जातंय एका जागी, मंग भांडतेत आपसात," म्हणायचीस. मी सातवी-आठवीत असेन. मी वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून आहे, काड उचलून बघते आहे, आणि तू भाकरी थापता थापता आतून ओरडते आहेस, "पोरी, झाकून ठेव! त्याला लाज वाटतीय बघितल्यावर." सहाव्या-सातव्या दिवशी मातीला बारीक भेगा पडायच्या आणि त्यांतून वाकलेल्या माना वर यायच्या. त्या भेगा बघायला मी तेरा दिवस झाले तडफडते आहे.

आणि तो कोपरा. सगळा पालक विळ्याने चार बोटं वर ठेवून कापायचा, तो पुन्हा फुटायचा, पुन्हा कापायचा. पण कोपऱ्यातल्या दहा-बारा रोपांना विळा लागायचा नाही. सगळ्यांत जाड पानाची, लाल देठाची रोपं तू निवडायचीस आणि त्यांना लुगड्याची चिंधी बांधायचीस. घरात पाहुणे असोत, भाजी कमी पडो, त्या कोपऱ्याला हात नाही. "ते बियाचं हाय," एवढंच सांगायचीस. उन्हं तापली की ती रोपं कमरेएवढी वाढायची, पानं पिवळी, तुरे वेडेवाकडे, परसाची अगदी रया जायची. मला शाळेतल्या मैत्रिणींना घरी आणायची लाज वाटायची. मग बी वाळलं की तू ते झोडायचीस आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या पदरात मूठभर घालायचीस. मला नांदेडला नोकरी लागली तेव्हाही तू सामानात एक गाठोडी कोंबलीस. "नांदेडात पालक मिळत नाही का गं?" असं म्हणून मी हसले होते. ती गाठोडी पहिल्याच खोलीच्या खिडकीत राहिली. खोली सोडताना मी ती उचलली नाही, विसरले म्हणून नाही, हातात तीन पिशव्या होत्या म्हणून.

मग तुझी किडनी. लॅबमध्ये तपासायला आलेल्या तुझ्या रक्ताची नळी मशीनला मीच लावली होती आणि आकडा सगळ्यात आधी मीच पाहिला. तिथल्या तिथे स्टुलावर बसले. डॉक्टरांनी काय खायचं नाही त्याचा कागद दिला, त्यात पालक पहिल्या ओळीत. पोटॅशियम चढतं, काळजावर जातं, हे मी तुला जळकोटच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना समजावून सांगितलं. तू कागद उलटासुलटा करून पाहिलास आणि विचारलंस, "मंग लावू बी न्हाई का?" मी म्हणाले, "लाव, पण खायचा नाही." तू मान हलवलीस. त्यावर मी विश्वास ठेवला, कारण तुला खोटं बोलता येत नव्हतं. ते यायचं मला.

तुझ्या शेवटच्या संक्रांतीनंतरचा रविवार. मी सकाळच्या गाडीने आले. दार उघडंच. तू चुलीपुढे बसलेली, समोर पालकाचं गरगट्टं रटरटतंय, लसणाचा वास पार रस्त्यापर्यंत, आणि तुझ्या हातात ताटली, ताटलीत भाकरीचा तुकडा आणि घासभर गरगट्टं. मी पिशवी खाली टाकली आणि ताटली हिसकावली. काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी तिकडे तुझ्या आकड्यांपायी झोप घालवते आणि तू इथे चोरून विष खातेस म्हणाले. तू म्हणालीस, "एवढाच घास हुता गं." मी म्हणाले, "घास नाही, विष." पातेलं उचललं आणि शेजारच्या काकूंच्या म्हशीपुढे रिकामं केलं. तू हात धुतलेस, पदराला पुसलेस, आणि मला पिठलं करून वाढलंस. मी ते जेवले.

त्याच फाल्गुनात तू गेलीस. दहाव्याला मंडप घालायचा होता, स्वयंपाकाच्या चुली परसात मांडायच्या होत्या. मंडपवाला विचारत आला, "ह्या झाडाचं काय करायचं?" तुझा तो कोपरा तेव्हा कमरेएवढा वाढलेला, तुऱ्यांवर हिरवं बी लटकलेलं, चिंध्या वाऱ्याने हलत होत्या. मी पदर खोचला आणि एकेक रोप मुळासकट उपटलं. एकालाही हात लावू दिला नाही, सगळी मीच उपटली, आणि उकिरड्यावर नेऊन टाकली. काकू धावत आल्या. "अगं बाई, काय करून राहिलीस! बियाचा हुता की तो पालक. तुझी माय काही बोलली न्हाई का तुला?" मी म्हणाले, "नाही काकू. मला माहीत नव्हतं." काकूंनी कपाळावर हात मारला. बायका म्हणाल्या, जाऊ द्या, तिला काय सुचतंय आत्ता. त्या जागी चूल पेटली.

गेल्या रविवारी मी काकूंना फोन केला. वीस दाणे लॅबमधल्यासारखे ओल्या कापसावर ठेवले होते, त्यांना आठव्या दिवशी बुरशी आली होती, आणि बादल्यांतले छत्तीस गप्प होते. म्हटलं, तुझं बी गल्लीत घरोघरी गेलेलं आहे, कुणाच्या तरी परसात असेलच की. इतकी साधी गोष्ट मला आधी का सुचली नाही म्हणून मला हसूही आलं. काकूंना आता कमी ऐकू येतं, मी ओरडून विचारलं. त्या म्हणाल्या, "कुठलं आलंय बाई! दर साली तुझी मायच दिऊन राहिली हुती, मंग कोण जपतंय? आम्ही पार शेवटल्या पानापर्यंत खायचो. तिचं हाय म्हणून सगळ्या निवांत हुतो. ती गेली त्या साली कुणाकडंच निघालं न्हाई." ह्या सगळ्या बायका, मी, आपण सगळेच तुझ्या एका कोपऱ्यावर विसंबून होतो, आणि तो कोपरा मी उपटला. तुझं एकटीचं बी मी बुडवलं नाही, माय, अख्ख्या गल्लीचं बुडवलं.

फोन ठेवायच्या आधी काकू सहज बोलून गेल्या, "तुला लई आवडायचं गरगट्टं. तू यायची म्हणली की सकाळपासनं निवडत बसायची. शेवटी शेवटी मलाच हाक मारायची, मीठ बघायला. एकदा मी घरी नव्हते तर म्हणं स्वतःच चाखलं आन् पोरगी लई चिडली." असं म्हणून त्या हसल्या. तू त्यांना ते हसत सांगितलं असणार. मी गॅलरीत बादल्यांच्या मध्ये खाली बसले आणि तोंडात ओढणी धरून रडले. मला दुसरं काही सुचेना. ज्या भाजीने तुला मारलं असं मी नऊ वर्षं धरून चालले, ती तू माझ्यासाठी शिजवत होतीस, आणि घासभर मिठाच्या चवीवरून मी तुला चोर ठरवलं.

आता सात दाणे उरलेत. छप्पन्न गेले. हे सात मी मुद्दाम मागे ठेवले होते. आज ते तळव्यांत घेतले, तू चोळायचीस तसे हलके चोळले, आणि ओल्या फडक्यात बांधले. उद्या सकाळी रेघ ओढून टाकीन. सुटीही घेतली आहे, साहेबांना घरी काम आहे म्हणून सांगितलं. हे सात नाही आले तर ह्या जगात तुझ्या हातचं काहीच उरणार नाही. स्वयंपाकघर पडलं, चूल गेली, न्हाणीच्या जागी टाइल्स बसतायत. कुणी म्हणेल पालकच तर आहे, जुडी आणावी बाजारातून. मी आणली होती परवा, तुझ्यासारखं गरगट्टं केलं, लसूणही तितकाच घातला. दोन घास खाल्ले आणि झाकून ठेवलं.

हे मी लॅबच्या कोऱ्या रिपोर्टांच्या पाठीमागे लिहिते आहे. पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट अजून तुला सांगितली नाही. ती धाकट्याला माहीत नाही, काकूंनाही नाही. लातूरच्या दवाखान्यात, तू नीट बोललीस त्या शेवटच्या दुपारी, धाकटा खाली औषधं आणायला गेला होता. तू डोळे उघडलेस. मला वाटलं, आता तू माझ्याबद्दल काही बोलशील, त्या रविवारबद्दल, ताटलीबद्दल. तू म्हणालीस, "कोपऱ्यातलं उपटू नगा. बी हिरवं हाय अजून. पंधरा दिसांत वाळंल, मंग काढ. तूच काढ." शेवटच्या वेळीसुद्धा तुला तो पालकच आठवला म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहाव्याला मी विसरले नव्हते, माय. एकेक रोप उपटताना तुझे शब्द माझ्या कानात होते. आणि त्या दुपारी मी तुझा हात हातात घेतला होता आणि हो म्हणाले होते.