अकरा एकांचा नियम

निपाणी, ४ ऑगस्ट १९३१

आजही नाही. ३८९ पर्यंत भागून पाहत आलो, बाकी उरतेच. पाच एक ओळीनं मांडले (१११११) तर ४१ नं भाग जातो, सात मांडले तर २३९ नं. मी या अकरा एकांचंच काय घोडं मारलंय कळत नाही.

दोष माझ्या जिभेचा. चातुर्मास लागला तेव्हा आमच्या जैन बस्तीत देवापुढं सगळे नियम घेत होते. कुणी गूळ सोडला, कुणी पालेभाजी. मी पडलो शाळामास्तर. म्हटलं, अकरा एक ओळीनं, म्हणजे ११,१११,१११,१११, या संख्येचा भाजक सापडेपर्यंत दूध-तूप वर्ज्य. आठवड्यात सुटू असं वाटलं होतं. शेजारी सौ. हात जोडून उभी. "यांचा नियम त्यो माझाबी." सहावा महिना आहे तिला.

९ ऑगस्ट

सुईण येऊन गेली. "मास्तर, अंगात रगत न्हाय हिच्या. दूध पाजा की!" सौ. मानेनंच नको म्हणते. ओरडलो तिच्यावर. मग माझीच मला लाज वाटली. भीती वाटते, दुसरं काही नाही.

१२ ऑगस्ट

बस्तीतल्या उपाध्यांना म्हटलं, सोडवा यातून. ते हसले. "एकानं भाग जातोय की! सुटला नियम." पळत घरी येऊन सांगितलं, तर ही म्हणते, "एकानं कशालाबी जातोय. देवाला फसवायचं व्हय?" भागाकार मीच शिकवला होता तिला. भोगा आता.

१९ ऑगस्ट

१२०० च्या पुढे गेलो. वर्गात लक्ष नाही. आज खडू हातात असताना एकदम सुचलं, या संख्येला भाजकच नसला तर? मग हा नियम जन्माचा. आणि ती तशीच बाळंत…

जेवण गेलं नाही.

२३ ऑगस्ट

सापडला! १७३३! बाकी शून्य! ओरडतच स्वयंपाकघरात गेलो. ती चुलीपाशी बसून रडली, मग दूध तापत ठेवलं. दिवस कलला होता. मावळल्यावर आमच्यात तोंडात काही घालत नाहीत.

दूध तापेतो सहज गुणाकार करून ताळा पाहिला. जमेना. भागाकारात एक हातचा विसरलो होतो. बाकी शून्य नव्हतीच.

ती पेला घेऊन दारात. "नक्की गेला न्हवं भाग?"

मी म्हटलं, "पी आधी. दिवस मावळतोय."

डोळे मिटून अर्धा पेला प्याली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा पाहिला. उरलेला अर्धा माझ्यापुढं ठेवला. "आता तुमी."

जरा टिपून घेतो म्हणून वही ओढली आहे. प्यालो तर जाणूनबुजून नियम मोडला. नाही प्यालो तर तिला कळेल की तिचाही मोडला, आणि मोडायला लावला तो मी.

ऊन आढ्याला गेलं. ती समोर बसली आहे. "गार व्हतंय की हो," म्हणते.