उघडलं म्हणजे घेतली

५ मार्च
आजही गोळी बेसिनमध्ये. झाकण मात्र वेळेवर उघडलं.

दवाखान्यातल्या पाहणीत माझं नाव आहे – गरोदर बायका उदासीवरच्या गोळ्या किती नेमाने घेतात, ते मोजतात. बाटलीच्या झाकणात चिप आहे. उघडलं की वेळ नोंदली जाते. उघडलं म्हणजे घेतली, असं ते धरतात. गोळी तोंडात गेली की नळाखाली, झाकणाला काय कळतंय!

७ मार्च
का टाकते, ते इथे तरी लिहावं.

नवरा गेल्यापासून मी जेवत नव्हते, झोपत नव्हते. पोटात बाळ. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्या लागू पडल्या. हीच तर पंचाईत झाली. मागच्या महिन्यात नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता. त्याने पाना फिरवला नि फवारा थेट त्याच्याच तोंडावर! म्हणाला, "वहिनी, आता साबण पण द्या." मी हसले. पोट धरून, खदखदून. वळून बघते तर सासूबाई दारात. आत गेल्या, दार लोटून घेतलं.

त्यांचा मुलगा जाऊन दोन महिने नाहीत, आणि सून दात काढतेय!

दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. गोळीने कमी होणारं दुःख – ते होतं तरी केवढं?

११ मार्च
डोळ्याला डोळा नाही. बाळ लाथा मारतंय. त्याला कोणी काही सांगितलेलं नाही.

१४ मार्च
दवाखाना. सिस्टरने बाटली यंत्रावर ठेवली. "एक दिवस चुकला नाही! बाकीच्या माझा जीव खातात. तुमचं झाकण आपलं गुणी बाळ!" बाकड्यावरच्या बायकांनाही ऐकू गेलं. माझे कान तापले.

डॉक्टरांनी वजनाचा आकडा दोनदा बघितला. मग म्हणाल्या, "एवढ्या नेमाने घेऊनही उतरतंय? डोस वाढवू या."

मी मान हलवली. मान हलवली! तोंड शिवलं होतं का माझं?

१६ मार्च
नवी बाटली. दोनदा गोळी जिभेवर ठेवली, दोनदा काढली. बाळ आज कमी हललं, की माझंच लक्ष नव्हतं? फोन हातात घेऊन बसले. सिस्टरला काय सांगू – तुमचं गुणी बाळ खोटारडं आहे?

दुपारी हललं. तरी फोन केला नाहीच.

१७ मार्च
सकाळी झाकण उघडलं. मागे सासूबाई उभ्या होत्या. गोळी माझ्या मुठीत.

"रोज ऐकते हा आवाज," म्हणाल्या. "नेमाने घेतेस, म्हणून उभी तरी आहेस तू."

मग माझ्याकडे न बघता – "मलाही मिळतील का गं? की पोटात बाळ असलं तरच देतात?"