तोंडाला न लागलेली हळद

सालेकसा, रविवार, ११ मे २००८

आज पिंकीताईची हळद झाली. नवरीची उरलेली हळद कुवाऱ्या पोरींच्या गालाला लावतात, म्हणजे त्यांचंही लवकर जमतं. मला कुठं लग्न करायचंय! पण सगळ्यांसोबत मीही बसले होते. मोठी मावशी माझ्यापाशी आली आणि थांबली.

"तुया तोंडाले नको वो, पिंपल्स झोंबतीन," म्हणाली, आणि माझ्या हातांना हळद लावून पुढे गेली.

मायेनंच म्हणाली. मग मला राग काऊन येऊन राहिला?

फोटो काढताना सगळ्यांचे गाल पिवळे, माझेच तेवढे लाल. मी हात पाठीमागे लपवले. ते कशाला लपवले? हळद तर तिथंच होती.

आता सगळ्या अंगणात नाचून राहिल्या आहेत. मी मघाशी न्हाणीचं दार लावून घेतलं, हातांवरची वाळलेली हळद पाण्यानं ओली केली आणि दोन्ही गालांना चोळली.

झोंबली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर झोंबली. मावशीचं खरंच होतं.

पण मला एकदा विचारायचं तरी, झोंबली तर चालेल का म्हणून.