डाव्या हाताचे टाके

४ मार्च

चि. डावऱ्यास,

अनेक आशीर्वाद. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस, काळा चष्मा अजून दहा दिवस आहे. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर वीस दिवस मावशीकडे होते, तिने खाऊ घालून घालून माझे सगळे कपडे घट्ट केले. मीच शिंपीण आणि मलाच शिवायची बंदी!

पण घरी आल्यापासून जिवाला घोर लागलाय. भुरी ठमीच्या जिवावर उठली आहे. नऊ वर्षं एका खुर्चीत झोपणाऱ्या सख्ख्या बहिणी रे! आल्या दिवशीच भुरीने तिचा कान फाडला, मग मानेला चावली, तिथे पू झाला. सोडवायला गेले तर माझ्याही मनगटात दात रुतले. आता एक शिवणाच्या खोलीत, दुसरी स्वयंपाकघरात, आणि मधल्या दारात मी पहारेकरी. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की ठमी मधे दुसऱ्या कुणाच्या घरी राहिली होती का. अंगाला परका वास लागला की सख्खी मांजरंही एकमेकींना ओळखत नाहीत म्हणे. मी ठासून सांगितलं, की माझा भाऊ घरात होता, असं होणं शक्यच नाही. तरी विचारते, काही घडलं का रे?

तुझ्यावर जीव असलेली,
ताई

९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मनगटाला औषध लावतेस ना? तुझी शपथ, काहीसुद्धा घडलं नाही. दोघी दिवसभर तुझ्या खुर्चीत लोळत असायच्या. डॉक्टरांना काय, काहीतरी बोलायचं असतं. दोन मांजरं तुला झेपणार नाहीत हे मी ऑपरेशनआधीच म्हणालो होतो, तेव्हा तू माझ्यावर कात्री उगारली होतीस.

आता तरी ऐक, भुरीला घालव. तुझ्या गल्लीच्या टोकाला छापखाना आहे, त्यांच्या कागदांना उंदीर लागलेत, ते आनंदाने नेतील. मन घट्ट कर आणि डोळे जप.

तुझा,
डावऱ्या

१७ मार्च

चि.,

आशीर्वादाचं नंतर बघू. तुझं ऐकून परवा भुरीला छापखान्यात पोचवलं. टोपलीतून सारखी ओरडत होती, आणि मी तिला वैरीण, कृतघ्न, तोंडाला येईल ते बोलले.

आज नवा चष्मा मिळाला. ठमीची मान बरी होत आली, म्हणून तिचा पट्टा धुवायला काढायला घेतला. तुला माहीत आहे, मी पट्ट्याला बक्कल लावत नाही. गळ्यातच टाके घालून बंद करते, उसवल्याशिवाय तो निघत नाही. माझे टाके उजवीकडे कलतात. हे डावीकडे कललेले होते, आणि शेवटी दोन गाठी. तुला शिवण मीच शिकवली आहे. दोन गाठी मारू नकोस म्हणून टपल्याही मीच मारल्या आहेत.

पट्टा का उसवलास? ठमी कुठे होती? या वेळी माझी शपथ घेऊ नकोस, एकदा घेऊन झाली आहे.

ताई

२१ मार्च

ती. ताई,

नमस्कार कोणत्या तोंडाने करू? ठमीला आमच्या कचेरीतल्या टायपिस्टबाईंना देऊन टाकलं होतं. दोघींपैकी तीच मुकाट उचलू देते. कुणी ओळखू नये म्हणून पट्टा काढला. ती पळून गेली असं तुला सांगणार होतो. तुझा व्याप कमी होईल, डोळ्यांना आराम पडेल, एवढंच मनात होतं गं. पण ती बारा दिवस कपाटाखाली बसून राहिली, नीट खाईना. तू येण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी परत आणून दिली. पट्टा घाईघाईत शिवला. तुला दिसणार नाही असं वाटलं.

भुरीला घालव असं लिहिताना हात अडखळला होता. तरी लिहिलं. माफ कर.

डावऱ्या

२९ मार्च

चि. डावऱ्यास,

दिसणार नाही असं वाटलं! अरे, हाताला धरून ऑपरेशनला तूच नेलं होतंस ना मला?

ठमीला दिलीस याचा राग आहेच, पण तो कधीतरी निवेल. माझी शपथ घेऊन खोटं बोललास, आणि बिनदोष जिवाला माझ्याच हातून घराबाहेर काढवलंस, ते जिव्हारी लागलंय. डॉक्टरीणबाईंसमोर मी तुझ्या नावाने केवढ्या तोऱ्यात बोलले होते! त्यांना खरं सांगताना मान वर होईना.

भुरीला परत आणली. छापखान्यात शाईच्या डब्यांमागे बसून होती. माझ्या हाताचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. आता तिच्या अंगाला शाईचा वास, म्हणून ठमी तिच्यावर गुरगुरते. दोघींना वेगळं ठेवायचं, एकीला पुसलेलं फडकं दुसरीच्या ताटलीजवळ ठेवायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. ओळख पटायला महिनेही लागतील म्हणाल्या. काल दाराच्या फटीतून एकीचा पंजा दुसरीकडे सरकला. नखं आत होती.

फडक्यांसाठी तुझा निळा शर्ट फाडला, बटणं लावायला ठेवून गेला होतास तो. त्याची वाट बघू नकोस. आणि तुझ्याकडे माझ्या घराची किल्ली आहे, ती टपालाने पाठवून दे. लोभ आहेच, माझ्या सांगण्याने तो थोडाच जाणार आहे? पण यापुढे आलास की दार वाजव, आणि मी उघडेपर्यंत बाहेर थांब.

ताई