वाट तुमच्या दारावरून जाते

ता. ९ फेब्रुवारी, रविवार

वन्सं,

नमस्कार. तुम्ही बऱ्या असाल. गुडघे काय म्हणतात? इकडे सगळं ठीक. दुकान रोज उघडते. पंक्चरं मी काढते, वेल्डिंगचं काम बाहेर देते. समोरच्या शिंपीणबाई तुमची चौकशी करायच्या आणि मी ‘येतील हो’ म्हणायचे. दीड वर्ष तेच ऐकून त्यांनी आता विचारायचं सोडलं.

फोन करणार होते, पण तुम्ही माझा फोन उचलत नाही. आणि उचललात, तर मलाच धड बोलता यायचं नाही. लिहिताना निदान कोणी मध्येच तोडत नाही. दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी पुस्तक घेऊन बसते, हे तुम्हाला माहीत आहे. शाळा जिने चढून होती म्हणून सुटली. जे काय आलं ते स्टुलावर बसून आलं. तर त्या पुस्तकांतली माणसंही तोंडावर बोलत नाहीत ते पत्रात लिहितात, आणि पुष्कळदा बरं लिहितात.

उभ्या असाल तर बसा. मी हातसायकलवर लांबच्या सफरीला निघाले आहे.

एकटी नाही. आम्ही नऊजण आहोत, सगळे पायांनी अधू. इस्पितळात हातापायांचे व्यायाम घेतात त्या बाईंनी हे जमवून आणलं. डोंगराच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत जायचं, रात्री कुठल्यातरी शाळेत मुक्काम करायचा. सामानाची गाडी बरोबर असेल. म्हातारपणी ही काय थेरं, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. बाईंना म्हटलं, माझं वय बघा. त्या म्हणाल्या, वय दंडात नसतं. आता इतक्या शिकलेल्या बाईशी कोण वाद घालणार?

सरावाला सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर जाते. पहिला महिना तळहातांची सालपटं निघाली, मग घट्टे पडले. आधी मला वाटायचं हे दंडाचं काम आहे. तसं नाही, ते पाठीचं आहे. आणि दोन्ही हात कामात असल्यामुळे नाक खाजवायचं तर गाडी थांबवावी लागते. पाणीसुद्धा मानेपाशी लावलेल्या नळीनं ओढायचं. चढावर एक गोष्ट कटाक्षानं पाळायची, ती म्हणजे मध्ये थांबायचं नाही. थांबलं की गाडी मागे घसरू बघते आणि पुन्हा निघणं जिवावर येतं.

गाडी तीच आहे, यांनी बनवलेली. तुम्हाला ती पहिली चाचणी आठवत असेल. जन्मभर पायाच्या सायकली जुळवलेला माणूस. त्यांनी हातानं फिरवायच्या मुठीही पायडलांसारख्याच बसवल्या, एक वर तर एक खाली. हातसायकलीत तोच दांडा फिरवायचा आणि तोच वळवायचा, हे डोक्यातच आलं नाही. मी डावा हात दाबला की गाडी डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. अख्ख्या गल्लीतून मी झिंगल्यासारखी गेले ती थेट शिंपीणबाईंच्या कुंपणात. तुम्ही पायरीवर पोट धरून हसत होतात. म्हणालात, ‘दादा, बायकोला चढलीय रे, घरात घे.’ मग दोन्ही मुठी एका रेषेत आल्या आणि गाडी सरळ चालू लागली. इतक्या वर्षांच्या कारागिराला एवढं साधं कळलं नाही म्हणून हे दोन दिवस माझी नजर चुकवत होते.

आता मुद्दा. आमची वाट तुमच्या गावातून जाते. मुक्काम तुमच्या गल्लीपलीकडच्या शाळेत आहे आणि दुसऱ्या दिवशीचा चढ तुमच्या घरामागूनच सुरू होतो. वाट मी ठरवलेली नाही, पण ठरल्यावर मी काही बोललेही नाही.

हे गेल्यावर लोक भेटायला आले होते तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात म्हणालात, की हिच्या चाकानं माझा दादा खाल्ला. भिंत पातळ आहे, वन्सं. मी बाहेरच बसले होते. त्याच चाकावर बसून मी तुमच्या दारावरून जाणार आहे. थांबायचं की तसंच पुढे जायचं, ते मी एकटीनं ठरवणं बरं नाही. थांबू नका असं असेल तर चार ओळी टाका, मी मुकाट्यानं जाईन. काहीच आलं नाही तर थांबेन.

गुडघ्यांना शेक देत जा.

तुमची,
वहिनी


ता. १३ मार्च, गुरुवार

वन्सं,

नमस्कार. तुमच्या चार ओळी आल्या नाहीत. ते चांगलं की वाईट, यावर पूर्ण तीन दिवस डोकं चालवलं. डोक्याला दुसरं कामही नसतं म्हणा, चाक हात फिरवतात.

एका शाळेच्या वर्गातून लिहिते आहे. बाकं भिंतीला लावून गाद्या घातल्या आहेत. न्हाणीघराचं दार अरुंद, चाकाची खुर्ची आत जाईना, म्हणून आमच्यातल्या कप्तानांनी शिपायाकडून पक्कड मागून दारच बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि तिथे चादर लावली. शिपाई म्हणतो, साहेब विचारतील. कप्तान म्हणाले, साहेबांना म्हणावं चादर धुऊन ठेवलीय. हे कप्तान कसले, तर ट्रक चालवायचे. अपघातात कमरेखालचं गेलं. ट्रकवरची सवय जात नाही, वळणावर अजून तोंडानं हॉर्न वाजवतात.

मी सगळ्यांच्या मागे असते. लाज वाटायची, आता वाटत नाही. मागच्याला रस्ता मोकळा मिळतो. गाडी इतकी बुटकी आहे की गवत डोळ्यांच्या उंचीला येतं आणि ट्रकची चाकं छपराएवढी दिसतात. मागे काठीला झेंडा लावला आहे, त्यावरून ट्रकवाल्यांना कळतं की खाली कोणीतरी आहे.

उद्या तुमचं गाव. सामानाच्या गाडीचा ड्रायव्हर मुक्कामाची सोय बघायला पहाटेच पुढे जातो. हे पत्र त्याच्या हाती देते, तो तुमच्या दाराच्या फटीतून सारेल. मी यायच्या आत तुम्ही वाचलेलं असावं, अशी इच्छा आहे.

त्या दिवसाबद्दल आपण बोललो नाही. मी कोणाशीच बोलले नाही. मी चढावर होते आणि हे नेहमीसारखे डाव्या अंगानं चालत होते. मी विचारलं, दम लागतोय का? म्हणाले, छे. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, बुटाची नाडी सुटली, तू हो पुढे. चढावर थांबायचं नाही हे त्यांनीच मला शिकवलेलं. मी पुढे झाले. वर पोचले आणि वळणावर वाट बघत बसले. वारा छान होता. पहिल्यांदाच न थांबता चढले होते, ते यांना सांगायचं म्हणून मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. मग दूधवाला खालून धावत आला.

नाडी सुटलेली नव्हती, वन्सं. दोन्ही बूट नीट बांधलेले होते. घरी आणल्यावर ते मीच काढले.

आता जे लिहायचं ते लिहिते. मागच्या पावसाळ्यात डॉक्टर त्यांच्या मुलीची सायकल घेऊन दुकानात आले. बोलता बोलता म्हणाले, तुमच्या मिस्टरांना मी स्पष्ट सांगितलं होतं, धावपळ बंद करा, हृदय दमलंय. त्यांच्या बहिणीसमोरच सांगितलं. मी मान डोलवली, मला माहीत असल्यासारखी. सायकलची चेन बसवून दिली. ते गेल्यावर दुकानाचं दार ओढून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत उघडलं नाही.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मला नव्हतं.

पुष्कळ दिवस मी तुमच्यावर संतापले होते, हे खोटं कशाला सांगू? मनात तुमच्याशी इतकी भांडले, की तुम्ही समोर असतात तर घसा बसला असता. मग संताप हळूहळू ओसरला. तुम्ही चाकाला का बोल लावलात, तेही कळलं. कोणाला तरी लावायला हवाच होता, नाहीतर तो फिरून तुमच्याकडेच आला असता.

हे मला ठाऊक आहे, एवढं तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून लिहिलं. उद्या दार उघडलंत तर यातलं काही न बोलताही बसता येईल.

वहिनी


ता. १५ मार्च, शनिवार

वन्सं,

चढ उतरून आम्ही खाली आलो. उतारावर ब्रेक इतके तापले की वास सुटला. आता एका ग्रंथालयाच्या ओसरीत बसले आहे, आतलं कपाट बघून झालं. सकाळी रस्त्यावर ना तुम्हाला बोलता आलं ना मला, म्हणून माझ्या बाजूनं काय झालं ते लिहिते.

काल संध्याकाळी मी तुमच्या गल्लीत आले. कप्तान बरोबर होते. तुमच्या दाराला दोन पायऱ्या, माझ्या कुबड्या सामानाच्या गाडीत. आत दिवा होता, दार बंद होतं. कप्तान म्हणाले, हॉर्न देऊ का? मी नको म्हटलं. हाक मारली असती तर तुम्ही भिडेखातर उघडलं असतंत, आणि मग मला चहा गोड लागला नसता. थोडा वेळ थांबले. एका कुत्र्यानं येऊन माझं चाक हुंगलं, त्याला ते पसंत पडलं नाही. मग निघाले. शाळेत जेवले, झोपलेही. रडले नाही. वाटलं, झालं, एवढंच होतं.

सकाळी चढावर मी शेवटची. वळणावर आरशात कोणी बाई दिसली, शाल सावरत झपझप येणारी. म्हटलं, फिरायला निघाली असेल. जवळ आलात आणि पहिलं वाक्य काय बोललात! ‘चालत गाठलं की हो वहिनी तुम्हाला. एवढ्यासाठी हात मोडून घेता होय?’

मला हसू आलं. हसताना हातातलं बळ जातं, गाडी वाकडी झाली.

मग आपण बरोबरीनं चढू लागलो. तुम्ही डाव्या अंगानं चालत होतात. तुम्हाला ते कळलं नसेल, रस्त्याची ती बाजू मोकळी होती म्हणून चालला असाल. पण मला मान वळवायचा धीर होईना. कानावर तुमचा श्वास येत होता. मी विचारलं, दम लागलाय का? तुम्ही म्हणालात, ‘छे.’

वन्सं, तुमच्या घराण्यातला तो ‘छे’ मी ओळखते.

मी दोन्ही ब्रेक दाबले. आमच्या व्यायामाच्या बाई वरून ओरडत होत्या, थांबू नका, थांबू नका. मी थांबले आणि तुम्हाला म्हटलं, ‘खरं सांगा.’

तुम्ही झेंड्याची काठी धरलीत. ‘लागलाय,’ म्हणालात. ‘फार लागलाय.’ आणि कडेच्या मातीत बसलात.

मी नळी काढून तुम्हाला पाणी दिलं. बराच वेळ तुम्ही नुसत्या हुंदके देत होतात. मग म्हणालात, ‘त्यानं शब्द घेतला होता माझ्याकडून. वहिनीला सांगितलंस तर ती सायकल सोडून देईल, म्हणाला. आणि आत्ता कुठे ती घराबाहेर पडायला लागलीय, म्हणाला.’

यावर मी ‘सोडलीच असती’ एवढंच बोलले. तुम्हाला ते टोचलं असेल. टोचावं म्हणून बोलले नव्हते. खरं तेवढंच तोंडात आलं. नंतर दिवसभर हात फिरवत त्यावरच विचार केला. मी सायकल सोडली असती, दुकानाच्या कोपऱ्यात ती गंजली असती, आणि हे माझ्यावर चिडून बसले असते. घुमे तर होतेच, महिना महिना बोलले नसते. मला चाललं असतं. चिडलेले का होईना, घरात असते तर मला चाललं असतं. पण हे त्यांनी मला विचारलं नाही. माझ्या वतीनं परस्पर ठरवून टाकलं. भांडायचं ते मला त्यांच्याशी आहे, आणि ते आता जन्मभर एकतर्फी चालेल. तुमच्याशी नाही. भावानं हात धरून शब्द मागितला तर कुठली बहीण नाही म्हणते?

गाडी पुन्हा निघेना तेव्हा तुम्ही मागून ढकललंत. कप्तान म्हणतात, हे नियमात बसत नाही, तेवढा तुकडा परत जाऊन चढावा लागेल. त्यांना म्हटलं, या गाडीला मागून ढकलणारं माणूस मिळायला दीड वर्ष लागलं, नियम तुमच्याजवळ ठेवा.

तुम्ही वरपर्यंत आला नाहीत, मध्येच थांबलात आणि सांगून थांबलात, की आता मला जमत नाही. ते मला सगळ्यात आवडलं. तुमचं हृदय तपासून घ्या. त्याच डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर येईन. समुद्रावरून परतताना मी बसनं तुमच्याकडे उतरते. दोन पायऱ्यांचं काय करायचं ते बघा. नाहीतर एका बाजूनं तुम्ही धरा, दुसऱ्या बाजूनं भिंत आहेच.

एक सांगायचं राहिलं. आज दुपारपासून माझ्या उजव्या खांद्यातून कळ येते आहे. हात वर नेला की थेट मानेपर्यंत जाते. इथे अजून कोणाला कळलेलं नाही; विचारलं तेव्हा मीही हसून वेळ मारून नेली. तुम्हाला पहिल्यांदा सांगते आहे. हे पत्र पाकिटात घातलं की उठून बाईंकडे जाणार आहे. त्या उद्याच्या उद्या मला सामानाच्या गाडीत बसवतील, समुद्र मला काचेतून बघावा लागेल. लागू दे.

कोणाला सांगू नका, असं मी म्हणणार नाही.

तुमचीच,
वहिनी