कोणत्या हाताला सलाईन

चंदीगड,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय लीनाताई,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही नवरा-बायको ठीक आहोत. पद्मजाची शुगर आटोक्यात आहे. इंडस्ट्रियल एरियातलं माझं वर्कशॉप दोन लेथवर चालू आहे. थंडी पडू लागली.

तुझ्या या दहावी नापास भावाने इथल्या मराठी मंडळीतल्या तरुणांसाठी लेखनवर्ग काढलाय. दर रविवारी उपासनेनंतर दीड तास. सात मुलं. आधी वाचायचं, मग लिहायचं. पहिल्या दिवशी सातही गोष्टींत कोणीतरी आजारी पडलं, प्रार्थना झाली, माणूस बरा झाला आणि खाली बायबलचं वचन. मी म्हणालो, "वचनं सगळ्यांना पाठ आहेत. मला पलंग दाखवा. पाय कुठल्या बाजूला होते?" लेथवरून उतरलेला जॉब मापावा तसं एकेक वाक्य तपासलं.

काल त्यांचं जाहीर वाचन झालं. छत्तीस माणसं आली, मी मोजली. संपदाने (तिची आई सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात सिस्टर आहे) प्रार्थना करूनही गेलेल्या आजीवर लिहिलं होतं. शेवटी बोध नाही, काही नाही. पाळकसाहेब उठून म्हणाले, "आज उपदेश हिनेच केला." ताई, माझी पहिली लेथ आली तेव्हाही छाती एवढी फुगली नव्हती.

आता दुसरं. ऑगस्टमध्ये याच संपदाला मी आपल्या ख्रिस्ती मासिकात छापलेली माझी साक्ष वाचायला दिली. नमुना म्हणून, मोठ्या ऐटीत. तीच, पप्पा मिशनच्या दवाखान्यात गीत म्हणत, माझा हात धरून प्रभूकडे गेले ती.

वाचून म्हणते, "अंकल, कौन सा हाथ?"

"उजवा."

"उजव्याला तर सलाईन आहे, ऊपर आपने ही लिखा है. आप थे वहाँ?"

मुलं हसली. मी चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

ती साक्ष छापून आल्यापासून अकरा वर्षं तू बोलत नाहीस, ते कशामुळे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पद्मजालाही होतं. तिने कधी विषय काढला नाही, मी काढू दिला नाही.

काल मुलांचं झाल्यावर मी उभा राहिलो आणि नवीन लिहिलेलं वाचलं. मी तिथे नव्हतो. तुझे दोन फोन आले, पण मशीनची डिलिव्हरी होती म्हणून मी चंदीगडहून निघालोच नाही. पप्पांनी गीत म्हटलं नाही. त्यांनी तीनदा विचारलं, "शिशिर आला का?"

आवाज एकदाही अडखळला नाही. कोणी मोबाईल काढला नाही. पद्मजा रडली. बाहेर संपदा म्हणाली, "अंकल, अब सब साफ दिखा." तिच्याकडून हे मिळवणं सोपं नाही, तीन महिने लागले.

मासिकाला ही दुरुस्ती छापायला पाठवणार आहे. त्याआधी प्रत तुला. 'तीनदा' हे तू तेव्हा फोनवर सांगितलेलं, तेवढ्यावरच लिहिलंय. चुकलं असेल तर खोड आणि तू लिही. मी तुझ्याच हातचं छापायला देईन.

त्या दिवशी तिथे नसलेला,
तुझा भाऊ
शिशिर